पाटीवरचं नाव

"म्हणजे बाणाजीबाबा, देवाची सगळी नावं सारख्याच तोलाची, असंच ना? की एखादं जड, एखादं हलकं?"

हनोकनं हे विचारलं तेव्हा बाणाजी मशिदीच्या ओट्यावर बसून दिव्यांच्या काचा राखेनं घासत होते.

मशीद म्हणजे सिनेगॉग. आमच्या कोकणातले बेने इस्रायल लोक आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणायचे, आणि गावात कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. बाणाजी तिथले हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. वय पंच्याहत्तरीच्या पुढं. तोंडात दात चारच, पण आवाज असा खणखणीत की खाडीपलीकडं ऐकू जावा.

"जड-हलकं?" ते म्हणाले. "नारळ घ्यायला आलायस का रे?"

"थट्टा नको, बाबा. शास्त्राचा प्रश्न आहे."

"असं होय! मग बस बाबा. शास्त्राचा प्रश्न उभ्यानं कसा सुटायचा?"

हनोक बसला. पण बसला तो असा, की आत्ता उठून पळेल.

आता हा हनोक कोण, ते सांगायला हवं. झिराडकरांचा मुलगा. अठ्ठाविशीतला. मुंबईला राहून सहा वर्षं हिब्रू शिकून आलेला, आणि बाणाजींच्या मागं हझान हाच, असं अख्ख्या इस्रायल आळीनं ठरवून टाकलेलं. विद्वान होता, यात वाद नाही. पण नाक असं वर, की पाऊस आला तर आत पाणी जावं. भर प्रार्थनेत म्हाताऱ्यांचे उच्चार सुधारायचा. गेल्याच शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिवशी, मुसाजी तेल्याला त्यानं सगळ्यांदेखत तीनदा एकच शब्द म्हणायला लावला. सत्तर वर्षांचा माणूस तो! कुणाला आवडेल हो?

आणि या विद्वानाच्या खिशात त्या मंगळवारी सकाळी एक पोस्टकार्ड होतं. पेणहून सासऱ्यांनी लिहिलेलं. तीनच ओळी. "आम्ही सर्व मंडळी गुरुवारच्या बोटीने इस्रायलला कायमची निघत आहोत. चि. मिल्का आमच्याबरोबर येत आहे. आपणास कळावे."

मिल्का म्हणजे हनोकची बायको. महिना झाला होता तिला माहेरी जाऊन.

गुरुवारची बोट गाठायची म्हणजे बुधवारी पहाटे ती माणसं पेण सोडणार. म्हणजे हातात होता तो एवढा एकच दिवस, आणि पेणची मोटार बाराला सुटायची. हनोकचा जीव टांगणीला लागला होता. पण तसं सांगायला तोंड उघडेल तर तो हनोक कसला! तो देवाच्या नावांविषयी विचारत बसला.

"नावं किती आहेत?" बाणाजींनी विचारलं.

"पुसू नयेत अशी सात."

"सांग बघू. मी आपला काचा घासतो."

हनोक खुलला. या बाबतीत त्याला कुणी हरवू शकत नव्हतं.

"एलोहीम. म्हणजे न्याय करणारा, सामर्थ्याचा धनी. जग घडवलं ते या नावानं. मग ते चार अक्षरी नाव. ते लिहितात तसं उच्चारायचं नाही, त्याच्या जागी अदोनाय म्हणायचं, माझा धनी. ते दयेचं नाव. जाणते सांगतात, नुसत्या न्यायावर जग उभं राहीना, म्हणून देवानं त्यात दया कालवली. म्हणून पुढं ही दोन नावं जोडीनं येतात."

"छान. नुसत्या न्यायावर उभं राहीना म्हणतोस."

"हो."

"पुढं."

"एहये. म्हणजे मी असेन. जळत्या झुडपातून त्यानं स्वतः सांगितलेलं. कुठं असेन, कसा असेन, ते नाही सांगितलं. नुसतं असेन म्हणाला. मग त्सेवाओत, सैन्यांचा धनी. आणि..."

इथं हनोक अडखळला.

"आणि?"

"आणि शद्दाय."

"त्याचा अर्थ?"

"सर्वसमर्थ म्हणतात. कुणी म्हणतं, जग घडताना पसरतच चाललं होतं, आवरेना. तेव्हा जो म्हणाला 'पुरे', तो शद्दाय."

बाणाजींनी काच उजेडात धरली. एका कोपऱ्यात काजळी राहिली होती. त्यांनी तिथं पुन्हा राख लावली.

"या शद्दायपाशी तुझी जीभ का अडकली रे?"

"कुठं अडकली?"

"बरं. नाही अडकली."

हनोकनं ओट्यावर सांडलेली राख बोटानं सारखी केली. "समजा बाबा, एखाद्यानं शपथ घेतली. पण चार अक्षरी नावाची नाही, शद्दायची घेतली. तर ती जरा सैल धरता येईल का? म्हणजे चार अक्षरी हे खरं नाव, आणि शद्दाय हे नुसतं गुणाचं वर्णन, असा अर्थ लावला तर..."

"एखाद्यानं म्हणजे कुणी?"

"समजा कुणीतरी."

"हा समजा कुणीतरी झिराडकरांचा का?"

हनोकचे कान लाल झाले.

बाणाजींना ठाऊक होतं सगळं. आळी ती केवढी, बारा घरांची. एका घरात भांडं पडलं की बाराही घरं दचकायची. पण त्यांना ते हनोकच्या तोंडून हवं होतं.

"सांग," ते म्हणाले. "झालं काय ते सांग. शास्त्र नको."

मग हनोकनं सांगितलं. पाहुणे आले होते मुंबईचे. त्यांना नावांचे अर्थ समजावताना त्यानं घरातल्या पाटीवर ते चार अक्षरी नाव लिहिलं. मोठं, ठसठशीत, अगदी सेफेरमध्ये, शास्त्राच्या गुंडाळीत, लिहितात तसं. पाहुणे वाहवा करत गेले. पाटी कोनाड्यात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शब्बाथ लागायच्या आत मिल्कानं सगळं घर धुऊन पुसून काढलं, आणि त्या हाताबरोबर पाटीही लख्ख पुसून ठेवली.

"मी संध्याकाळी बघतो तर पाटी कोरी! देवाचं नाव, बाबा! जे लिहिलेला कागदसुद्धा आपण फाडत नाही, जाळत नाही, माणसासारखा मातीत पुरतो, ते नाव हिनं ओल्या फडक्यानं..."

"तिला हिब्रू वाचता येतं?"

"नाही."

"शिकवलंस?"

"नाही."

"मग?"

"माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोललो मी तिला. ती म्हणाली, मला काय माहीत, तुम्ही रोज काहीतरी खरडताच. खरडताच म्हणाली! माफी माग म्हटलं, तर मागेना. शब्बाथ सरला, आणि रविवारी सकाळी ट्रंक घेऊन निघाली. तेव्हा मी दारातल्या मेझुझावर हात ठेवला..."

मेझुझा म्हणजे चौकटीला ठोकलेली लहानशी डबी. आत शास्त्रवचन लिहिलेलं चामडं गुंडाळून ठेवलेलं असतं आणि बाहेरून शद्दायचं अक्षर. येताजाता घरच्यांनी तिला बोट लावून ओठांना लावायचं.

"...हात ठेवला आणि म्हणालो, शद्दायची शपथ, तू स्वतः येऊन माफी मागेपर्यंत मी तुझ्या माहेरच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही."

"आणि आता ती माणसं निघाली."

हनोकनं चमकून वर पाहिलं. मग खिशातून पोस्टकार्ड काढून ओट्यावर ठेवलं.

बाणाजींनी ते वाचलं नाही. नुसतं पालथं केलं.

"शद्दायची शपथ पक्की," ते म्हणाले. "कुठल्याही नावाची पक्कीच. त्या वाटेनं निसटायचा विचार सोड."

हनोकचा चेहरा पडला. एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी त्याला धाय मोकलून रडावंसं वाटलं. तो उठायला लागला.

"बस," बाणाजी म्हणाले.

पोरांच्या पाट्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. रविवारी तिथं धडे चालत. बाणाजींनी वरची पाटी ओढली, पेन्सिलीचा तुकडा शोधला, आणि दोन्ही हनोकपुढं सरकवली.

"लिही."

"काय लिहू?"

"तेच. चार अक्षरी. तुझा हात सुरेख आहे म्हणतात. मी काही पाहिला नाही अजून."

हनोकनं पेन्सिल उचलली. टोक पाटीला टेकलं...

आणि तिथंच थांबलं.

"का रे? विसरलास?"

"बाबा, ही पोरांची पाटी आहे."

"असेना."

"एकदा नाव लिहिलं की मग पुसायचं नाही. पाटीच पुरावी लागेल."

"कपाटात ठेवू."

"पोरं ती. कुणीतरी काढणारच. त्यांना काय कळतंय? फडकं घेऊन..."

हनोकनं पेन्सिलीचं टोक पाटीवरून उचललं.

स्वतःचंच बोलणं त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

बाणाजींनी दुसरी काच घेतली.

"पाटी पुसायलाच असते, हनोक," ते म्हणाले. "मिल्काला एवढं ठाऊक होतं."

हनोकनं पेन्सिल खाली ठेवली. चूक कळली होती, पण कळली म्हणून लगेच गिळता येते थोडीच! तो उसळलाच.

"माझं चुकलं. लिहायला नको होतं. मान्य. पण बाबा, नाव तर पुसलंच गेलं ना! त्याचं काय? देवाचं नाव पुसलं गेलं माझ्या घरात!"

"हो. ते खरं."

"मग?"

"मला म्हाताऱ्याला एक आठवत नाही. तू शिकून आलायस, तू सांग. शास्त्रात एके ठिकाणी खुद्द त्यानंच आपलं नाव पुसायला सांगितलंय. कुठं रे ते?"

हनोकला ते तोंडपाठ होतं. तो घडाघडा म्हणू लागला.

"नवऱ्याला बायकोचा संशय आला, आणि खरंखोटं कुणालाच ठाऊक नसलं, तर त्यानं तिला याजकाकडं न्यायचं. याजकानं शपथेचे शब्द लिहायचे. त्यात ते चार अक्षरी नावही लिहायचं. मग ती अक्षरं पाण्यात धुवायची. आणि ते पाणी तिनं प्यायचं. ती निर्दोष असली तर तिला काही होत नाही, ती आपल्या घरी जाते."

"नाव पाण्यात धुवायचं?"

"हो."

"याजकाला पाप नाही लागत?"

"नाही. आज्ञाच आहे तशी."

"मोठं नवल. ज्या नावाला कुणी बोट लावायचं नाही, ते पाण्यात धुवायला त्यानं का सांगितलं असेल?"

"जाणते म्हणतात, देव म्हणाला, माझं पवित्र नाव पुसलं गेलं तरी चालेल, पण नवरा-बायकोमध्ये..."

...

खाडीकडून कुणीतरी होडीवाल्याला हाका मारत होतं. ती हाक तीनदा आली.

"नवरा-बायकोमध्ये काय?" बाणाजींनी विचारलं.

"सलोखा राहावा," हनोक म्हणाला.

"हां. आठवलं आता." बाणाजींनी हातातली काच खाली ठेवली. पहिल्यांदाच त्यांनी हनोककडं सरळ पाहिलं. "घर राहावं म्हणून त्यानं आपलं नाव पुसू दिलं. आणि त्याचं नाव पुसलं म्हणून तू..."

हनोक रडला. दोन्ही हातांत तोंड घालून, लहान मुलासारखा रडला. मुंबईची सहा वर्षं, ते अर्थ, ते उच्चार, कशाचाच त्याला आधार वाटेना. चुलीपाशी एकट्यानं जेवलेला महिना तेवढा आठवत होता. आणि ट्रंक उचलून पायरी उतरणारी मिल्का. उतरताना ती एकदा मागं वळली होती. त्याचा हात मेझुझावर होता, आणि तो तिच्याकडं बघतसुद्धा नव्हता.

"मला ती हवी आहे, बाबा."

"हे आधी सांगायचंस. सकाळपासून मला नावं ऐकवतोयस."

"पण शपथ?"

"शपथ सुटते. सोडवायची रीत तुला ठाऊक आहे."

ठाऊक होती ना. आणि तीच तर अडचण होती! बेने इस्रायल लोकांत शपथ सोडवायची तर तीन माणसं बसावी लागतात. घेणाऱ्यानं त्यांच्यासमोर उभं राहून, खालच्या मानेनं सांगावं लागतं, की मला पस्तावा झाला. म्हणूनच तर हनोक सकाळपासून जड नाव, हलकं नाव शोधत फिरत होता. वाट वाकडी असती तर चालली असती, तीन माणसं तेवढी नको होती.

"तुमच्याशिवाय दोघं कोण?" त्यानं हळूच विचारलं.

"हे बघ," बाणाजी म्हणाले, आणि त्यांनी रस्त्याकडं तोंड करून हाक मारली. "अरे मुसाजी! दाऊद! या रे जरा इकडं. तीन माणसांचं काम आहे."

मुसाजी तेली घाण्यावरनं तसाच आला, कोपरापर्यंत तेलानं माखलेला. दाऊद टांगेवाला घोड्याला पेंडी टाकून आला. दोघांनी टोप्या सारख्या केल्या आणि बाणाजींच्या दोन्ही बाजूंना ओट्यावर बसले.

हनोक समोर उभा राहिला.

त्याची नजर मुसाजीवर गेली. ज्याला तीनदा एकच शब्द म्हणायला लावला, तो आज न्यायाला बसला होता.

"बोल पोरा," मुसाजी म्हणाला. आवाजात राग नव्हता, हेच हनोकला जास्त लागलं.

"मी शपथ घेतली," हनोक म्हणाला. "मिल... घरातल्या माणसावर रागावून घेतली."

"तिला ते नाव वाचता येत नव्हतं, पाटी कामाच्या भरात पुसली गेली, हे त्या सकाळी तुझ्या मनात आलं असतं," बाणाजींनी रीतीप्रमाणं विचारलं, "तर घेतली असतीस शपथ?"

"नाही."

"मग आता?"

रस्त्यावरनं दोन बायका पाण्याच्या कळशा घेऊन चालल्या होत्या, त्याही थबकल्या.

"पस्तावा होतो," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं," दाऊद म्हणाला. आणि खरंच आलं नव्हतं, दाऊदला एका कानानं कमी ऐकू यायचं.

"मला पस्तावा होतो!" हनोक ओरडला. "चूक माझी होती. मीच लिहिलं, मीच शपथ घेतली, आणि मीच तिला जाऊ दिलं!"

सगळ्या आळीनं ऐकलं असेल. ऐकलं तर ऐकलं.

"सुटलास," बाणाजी म्हणाले.

"सुटलास," दाऊद म्हणाला.

मुसाजीनं टोपी पुन्हा सारखी केली.

"शब्द बरोबर म्हणतो ना रे मी?" मुसाजीनं विचारलं.

"बरोबर आहे, मुसाजीकाका," हनोक म्हणाला. "तुमचं बरोबरच असतं. मला क्षमा करा."

"मग सुटलास बाबा. आणि दाऊद, टांगा जोड. अकरा वाजून गेलेत. याची मोटार चुकली तर परत मला घाण्यावरनं उठवाल."

दाऊद धावत गेला. हनोकनं वहाणा पायात घातल्या, उलट्या घातल्या, काढून पुन्हा घातल्या. पोस्टकार्ड उचललं, खिशात टाकलं. दोन पावलं गेला आणि परत आला.

"बाबा... ती येईल का?"

"मला काय माहीत?"

"आली नाही तर?"

"ते तिच्या मनावर आहे. तुझी शपथ सुटली, तिचा राग नाही सुटला."

इतका वेळ त्याला वाटत होतं, की शपथेचीच काय ती अडचण. तो ओट्याच्या काठाला धरून उभा राहिला.

"मग वाटभर जप तरी करतो," तो म्हणाला. "तिचं मन वळावं म्हणून. कुठलं नाव घेऊ, बाबा? दयेचं घेऊ, की शद्दायचं? तुम्ही सांगाल ते घेतो."

बाणाजींनी काच पुन्हा हातात घेतली.

"देवाची नावं सकाळपासून घेतोच आहेस," ते म्हणाले. "पेणला पोचलास की दारात उभा राहा, आणि एकदा तिचं घे."